स्टॅनली कप प्लेऑफ: गोल होईपर्यंत खेळायचं, मग रात्रीचे दोन का वाजेनात

बर्फाळवारा (मिसिसागा), १३ जून २०२५

मंडळी, काल रात्री एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) फायनलची चौथी मॅच झाली, जेमतेम चार तास झोपलोय पण डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून धागा काढतोच. इथे क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ सगळ्यावर धागे आहेत, आइस हॉकीवर एकही दिसला नाही, आणि आपली केवढी माणसं आता कॅनडात आहेत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. ३२ टीम, त्यातल्या ७ कॅनडाच्या, बाकी अमेरिकेतल्या. यंदाच्या मोसमात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येकीच्या ८२ मॅच, मग १६ टीम प्लेऑफला. पुढे चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत समोर एकच टीम, सातपैकी चार मॅच आधी जिंकेल ती पुढे. म्हणजे कप उचलायला १६ विजय लागतात, आणि हे सगळं दोन महिने, बहुतेक एक दिवसाआड, तोंडावर पक (रबराची घट्ट चकती) खाऊन टाके घालून परत बर्फावर उतरत.

कालचं ऐका. फ्लोरिडा पँथर्स पहिल्या वीस मिनिटांतच ३-० पुढे. एडमंटन ऑयलर्सनी गोलकीपर बदलला, तिन्ही गोल फेडले, चौथा मारून पुढेही गेले, आणि संपायला फक्त वीस सेकंद असताना फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टनं बरोबरी केली. ४-४. मग ओव्हरटाइममध्ये एडमंटनच्या लिऑन ड्रायसाइटलनं अक्षरशः एका हातानं स्टिक धरून पक गोलकडे ढकलला, तो समोरच्या डिफेन्समनला लागून आत गेला. या प्लेऑफमधला त्याचा ओव्हरटाइममधला हा चौथा गोल. एका वर्षात चार आजवर कुणीच मारले नव्हते. फायनलच्या चार मॅच झाल्यात आणि त्यातल्या तीन ओव्हरटाइमला गेल्यात!

मला बोलायचंय ते या ओव्हरटाइमबद्दल. एरवीच्या मोसमात बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन-तीन खेळाडू, तरी नाही झालं तर शूटआऊट. प्लेऑफमध्ये ते सगळं बंद. पुन्हा पूर्ण वीस मिनिटं, नेहमीसारखे पाच-पाच आणि गोलकीपर, पहिला गोल पडला की मॅच संपली. नाही पडला तर विश्रांती, झांबोनी फिरवून बर्फ गुळगुळीत, पुन्हा वीस मिनिटं. याला मर्यादाच नाही. माझं ठाम मत आहे की निकाल लावायची याहून प्रामाणिक पद्धत कुठल्याच खेळात नाही. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ (नाशिक)

वा, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी दोन वर्षं बघतोय, ऑफिसमधल्या एका कॅनडियन सहकाऱ्यामुळे नाद लागला. फायनल आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते त्यामुळे चहा, मॅच आणि मग आंघोळ असं जमतं. फक्त ओव्हरटाइम आलं की साडेनऊच्या मीटिंगचं काही खरं नसतं.

तुमच्याशी पूर्ण सहमत. २०१९ची वर्ल्डकप फायनल आठवते ना, मॅच टाय, सुपर ओव्हर टाय, आणि शेवटी चौकार-षटकार मोजून इंग्लंडला कप. मी न्यूझीलंडचा कुणी लागत नाही, तरी त्या रात्री झोप नव्हती आली. केन विल्यमसनचा चेहरा अजून समोर आहे. असं मोजून देण्यापेक्षा अजून एक ओव्हर खेळवली असती, मग अजून एक, तर कुणाचीच तक्रार नसती.

एक प्रश्न. ओव्हरटाइममध्ये सगळे एवढे जपून का खेळतात? आणि पेनल्टीही कमी देतात असं वाटतं, ते खरं का?

जुना_जाणकार (पुणे)

धागा चांगला, पण मी विरुद्ध बाजूनं लिहितो.

खेळाडू माणसंच आहेत हो. २०२० साली कोविडमुळे सगळ्या मॅच टोरांटो आणि एडमंटनमध्ये रिकाम्या रिंकमध्ये झाल्या, तेव्हाची टँपा विरुद्ध कोलंबस आठवा. पाच ओव्हरटाइम. कोलंबसच्या योनास कोर्पिसालोनं ८५ शॉट अडवले. पंच्याऐंशी! आणि शेवटी ब्रेडन पॉइंटचा एक गेला आणि तो हरला. त्याच रिंकमध्ये त्याच संध्याकाळी बोस्टन-कॅरोलायनाची मॅच ठरलेली, ते तयार होऊन थांबलेत थांबलेत, शेवटी त्यांची मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ढकलावी लागली. आणि हे पहिल्या फेरीत, त्या टीमला अजून दीड महिना खेळायचंय. दमलेल्या पायांनी खेळताना दुखापत होते हे सांगायला डॉक्टर नको. दोन ओव्हरटाइम झाले की तीन-तीन खेळाडू ठेवा, बर्फावर जागा मोकळी होईल, दहा मिनिटांत गोल पडेल. तोही खेळच आहे ना, शूटआऊट थोडंच आहे.

बर्फाळवारा

काका, तुमचा मुद्दा मनाला लागला, कोर्पिसालोचं आजही वाईट वाटतं. पण मला विचाराल तर त्याचे ते ८५ आपण पाच वर्षांनी इथे मराठीत लिहितोय, ते ज्या पद्धतीमुळे तुम्हाला नको वाटतंय तिच्यामुळेच. शूटआऊटमध्ये हरला असता तर कोणाच्या लक्षात राहिला असता?

आणि तीन-तीन हा वेगळाच खेळ होतो. मोकळं मैदान, वेगवान दोघंतिघं नुसते फिरत राहतात, पक परत मागे नेतात. ज्या चौथ्या लाइनच्या (सगळ्यात कमी वेळ खेळायला मिळणाऱ्या) पोरांनी दोन महिने अंगावर शॉट झेलले ते बाकावरच बसणार. प्लेऑफ ही पूर्ण टीमची परीक्षा आहे, तिचा शेवटचा पेपर वेगळ्या विषयाचा कसा चालेल?

@गोदाकाठ, जपून खेळतात त्याचं एक मोठं कारण बाक. मॅचचे वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला आपला बाक आपल्या गोलच्या बाजूला असतो. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात, बाक लांब जातो. पहिल्या ओव्हरटाइमलाही तसंच, बाक लांब. खेळाडू एका वेळी ४०-४५ सेकंदच बर्फावर असतो, पूर्ण जीव काढून पळतो आणि बदली होतो. आता समजा समोरच्यांनी तुम्हाला तुमच्याच गोलपाशी कोंडलं, तर बदली व्हायला अर्धं मैदान पार करावं लागणार आणि तेवढ्यात गोल पडणार. म्हणून दीड मिनिट झालं तरी तेच पाच जण, पाय उचलत नाहीत, तोंड उघडं. वैतागून पक लांब भिरकावला तर आयसिंग, म्हणजे खेळ थांबून पक परत आपल्याच गोलपाशी, आणि आयसिंग करणाऱ्या टीमला बदली करता येत नाही, परत तेच पाच. हे बघताना घरी सोफ्यावर आपल्यालाच धाप लागते.

पेनल्टीबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, रेफ्री हात आखडता घेतात. पण एक पेनल्टी कुणालाच चुकत नाही. आपल्या भागातनं पक थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला की मारणारा दोन मिनिटं बाहेर, टीम तेवढा वेळ एक कमी, मुद्दाम असो की चुकून. पहिल्या मॅचला तेच झालं.

सायंतारा (एडमंटन)

पहिल्या मॅचचं मी सांगते, मी तिथे होते! रिंकच्या आत नाही, तिकिटं आपल्या आवाक्यातली नाहीत, पण बाहेर मोठ्या स्क्रीनसमोर हजारो लोक जमतात तिथे. आई आलीये साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी, तिला, नवऱ्याला आणि नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन गेले होते. ३-३ झालं, ओव्हरटाइम सुरू झालं आणि एवढ्या गर्दीचा आवाज हळूहळू बंदच झाला. आईनं माझा हात धरला आणि कानात म्हणाली, अगं एवढी माणसं आणि कुणी बोलत का नाही. मी म्हटलं आई, आता कुठल्याही क्षणी संपेल म्हणून. तर म्हणाली, लोणंदला माउलींची पालखी वळणावर दिसायच्या आधी असंच होतं बघ.

अठरा मिनिटं अशीच गेली. मग फ्लोरिडाच्या टोमाश नोसेकनं पक काढायला म्हणून मारला आणि तो गेला काचेवरून. तो पेनल्टी बॉक्समध्ये बसला तेव्हा स्क्रीनवर त्याचा चेहरा मोठा दाखवला, आई म्हणाली बिचारा. ओव्हरटाइम संपायला अर्धं मिनिट राहिलं होतं, आमच्या मॅकडेव्हिडनं पास दिला आणि ड्रायसाइटलनं मारला. पुढचं मला नीट आठवत नाही, शेजारच्या अनोळखी आजोबांनी आईला मिठी मारली आणि आईनंही मारली एवढं आठवतं. साडेनऊ वाजून गेले होते आणि उन्हं अजून इमारतींवर होती, इथे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो.

@जुना_जाणकार, काका, माझा लेक गोलकीपर आहे, लहान मुलांच्या लीगमध्ये. शनिवारी सकाळी सहाला रिंकवर त्याचे पॅड बांधते मी, बोटं गारठतात. एकदा शूटआऊटला हरला तेव्हा सगळा भार एकट्यावर घेऊन गाडीत रडत होता. खेळताना गोल खाल्ला की त्याच्या पुढे पाच जण असतात, ते येऊन त्याच्या हेल्मेटवर टपली मारतात. म्हणून मी पण म्हणते, दमू देत, पण सगळ्यांनी मिळून हरू देत.

विनिपेगकर

सायंताराताई, वाचून अंगावर काटा आला. आमचं पण लिहितो, अजून जखम ओली आहे.

आम्ही यंदा साध्या मोसमात सगळ्यात पहिले होतो. पहिल्या फेरीत सेंट लुइसविरुद्ध सातवी मॅच, ४ मे. दोन मिनिटं राहिली होती आणि आम्ही ३-१ मागे. आख्खं रिंक पांढऱ्या कपड्यांत, इथे प्लेऑफला सगळे पांढरंच घालतात, माझ्या शेजारचा माणूस टॉवेल तोंडावर घेऊन बसलेला. एक गोल आला, आणि मग शेवटचे दोन सेकंदही राहिले नव्हते तेव्हा कोल पर्फेटीनं बरोबरी केली! पहिलं ओव्हरटाइम कोरडं गेलं, दुसऱ्यात आमचा कॅप्टन अ‍ॅडम लाउरीनं संपवलं. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. आवाज छातीत वाजत होता.

पण त्याच ओव्हरटाइमनं पुढच्या फेरीत घेतलंही. डॅलसविरुद्ध सहावी मॅच, १७ मे. आदल्या रात्री आमच्या मार्क शायफलीचे वडील गेले. तो खेळायला उतरला. मॅचचा पहिला गोल त्यानंच केला. मग १-१. तिसरा पिरियड संपायला पंधरा सेकंद असताना डॅलसचा खेळाडू एकटा गोलकडे निघाला, शायफलीनं मागून झेप घेऊन अडवलं, तो पडला, दोन मिनिटं पेनल्टी. आणि ओव्हरटाइम सुरू झालं तेव्हा तो बॉक्समध्ये एकटा बसलेला. डॅलसच्या थॉमस हार्लीनं गोल मारला. मोसम संपला.

आमचे सगळे खेळाडू आधी त्याच्याकडे गेले, एकेकानं धरून ठेवलं. मग हस्तांदोलनाची रांग, तिथे डॅलसची माणसं एकामागून एक त्याला मिठी मारत होती, ज्यांनी दोन मिनिटांपूर्वी त्याला हरवलं तीच. मी घरी उभा राहून बघत होतो. माझे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मी नागपूरला वेळेत पोचलो नव्हतो. एवढंच.

मधली_आळी (डोंबिवली)

मी या खेळातलं काहीही जाणत नाही, सहज उघडला धागा आणि आता डोळे पुसतेय. विनिपेगकर, तुमच्यासाठी नमस्कार. ही रांग प्रत्येक मॅचनंतर असते का?

बर्फाळवारा

@विनिपेगकर, शब्द नाहीत दादा.

@मधली_आळी, प्रत्येक मॅचनंतर नाही, सिरीज संपली की. दोन आठवडे ज्याच्याशी धक्काबुक्की केली, ज्यानं तुमचा दात पाडला, त्याच्यासमोर हातमोजा काढून उभं राहायचं. दोन्ही टीमचा एकूणएक माणूस. कप उचलायच्या आधी हे होतं.

आता जुन्या गोष्टी दोन, कारण हा धागा त्यांच्याशिवाय अर्धवट राहील. सगळ्यात लांब मॅच २४ मार्च १९३६, माँट्रियल फोरममध्ये, डेट्रॉइट विरुद्ध माँट्रियल मरून्स. तीन पिरियड ०-०, मग सहा ओव्हरटाइम. सहाव्यात मड ब्रुनेटो नावाच्या नवख्या पोरानं गोल केला. फक्त ओव्हरटाइमच ११६ मिनिटं ३० सेकंद! म्हणजे तिकीट एका मॅचचं आणि बघितल्या जवळजवळ तीन. रात्रीचे दोन वाजून गेले होते, लोक घरी कसे गेले असतील त्या थंडीत. त्या वर्षी कप डेट्रॉइटनंच नेला.

दुसरी आमच्या टोरांटोची. १९५१ची फायनल, मेपल लीफ्स विरुद्ध माँट्रियल, पाच मॅच झाल्या आणि पाचही ओव्हरटाइमला गेल्या. पाचवीत बिल बॅरिल्को या डिफेन्समननं पुढे झेपावत गोल मारला, आडवा हवेत, आणि कप आमचा. वय २४. त्याच उन्हाळ्यात तो मासेमारीला उत्तरेकडे गेला आणि परतताना विमान बेपत्ता झालं. शोधलं शोधलं, सापडलं नाही. लीफ्सना पुढची अकरा वर्षं कप मिळाला नाही. १९६२च्या एप्रिलमध्ये मिळाला आणि जूनमध्ये जंगलात ते विमान सापडलं. मी इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं त्याच्या ड्राइव्हवेमधला बर्फ उपसता उपसता ही गोष्ट सांगितली होती, फावडं बाजूला टेकवून. तेव्हापासून मी लीफ्सचा.

आणि लीफ्सचं तुम्हाला माहीतच असेल, १९६७नंतर कप नाही. यंदाही याच फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या दोन मॅच जिंकून सातव्या मॅचला घरच्या रिंकमध्ये ६-१ हरलो. पोरगी विचारत होती बाबा तू रडतोयस का. रडत होतो.

गोदाकाठ

या बॅरिल्कोची गोष्ट आज घरी जेवताना सांगणार.

एक विचारतो, तुम्हाला खेळ समजला कसा? मला तर पहिले सहा महिने पकच दिसत नव्हता.

बर्फाळवारा

सगळ्यांना तसंच होतं. मला खेळ कळला तो पंजाबीतनं! इथे २००८पासून हॉकीची पंजाबी कॉमेंट्री आहे, मी तेव्हा एका गोडाऊनमध्ये काम करायचो आणि शनिवारी रात्री सगळे सरदारजी मित्र टीव्हीभोवती असायचे. भाषा अर्धी कळायची पण चढउतार कळायचा. २०१६च्या फायनलच्या पहिल्या मॅचला पिट्सबर्गच्या निक बोनिनोनं शेवटी गोल मारला तेव्हा हरनारायण सिंग एका दमात बोनिनो बोनिनो बोनिनो करत राहिले आणि ते आख्ख्या उत्तर अमेरिकेनं ऐकलं. आपली भाषा बोलणारा माणूस त्या खेळात दिसला की तो खेळ आपलाही वाटायला लागतो. मराठीतही कधी होवो.

पक दिसत नसेल तर पक बघू नका, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते बघा, तो सापडतो.

सायंतारा

पकवरनं आठवलं, आईला लेकाचा पक हातात दिला तर म्हणाली हा तर वजनाच्या मापासारखा आहे, काट्यावर ठेवायचा. १७० ग्रॅम घट्ट रबर. आणि मोठ्या मॅचना तो गोठवून आणतात म्हणजे उसळू नये. तो ताशी दीडशे किलोमीटरनं अंगावर येतो आणि ही मुलं आडवी पडतात त्याच्यापुढे.

जुना_जाणकार

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. दुखापतीचा माझा मुद्दा मी सोडत नाही, चार ओव्हरटाइमनंतर तरी काहीतरी करावं असं मला अजून वाटतं. पण सायंताराच्या लेकाचं जे आहे, सगळ्यांनी मिळून हरण्याचं, ते मी धरलं नव्हतं. मी शाळेत असताना खो-खोच्या टीममध्ये होतो, शेवटी मीच बाद झालो म्हणून हरलो आणि कुणी माझ्याशी चार दिवस बोललं नाही. ते पंचावन्न वर्षांनी आज आठवलं.

सहावी मॅच बघणार आहे मी, पहाटे उठून. अमोघ (नातू) लावून देईल.

बर्फाळवारा, १८ जून २०२५

संपलं. पाचवी ५-२, काल सहावी ५-१, फ्लोरिडानं सलग दुसऱ्यांदा कप नेला. कालच्या मॅचमध्ये राइनहार्टचे एकट्याचे चार गोल. ओव्हरटाइमची वेळच आली नाही, दोन्ही मॅचमध्ये फ्लोरिडानं एडमंटनला श्वासच घेऊ दिला नाही, आणि ते चांगले खेळले हे कबूल करायलाच हवं. सॅम बेनेटला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू दिलं, १५ गोल, योग्यच आहे. रांगेत मी एडमंटनच्या कोरी पेरीला शोधत होतो. चाळीस वर्षांचा माणूस, सहा वर्षांत पाचवी फायनल हरला, चार वेगवेगळ्या टीमकडून. प्रत्येकाच्या डोळ्यात बघून हात मिळवत होता.

सायंताराताई, घरी सगळे ठीक ना?

जुना_जाणकार

बघितली. रांग संपेपर्यंत उठलो नाही. नातू शाळेला उशिरा गेला, मीच चिठ्ठी लिहून दिली.

सायंतारा

ठीक आहोत. नवरा अजून गप्प आहे. लेकानं टीव्ही बंद करू दिला नाही, हस्तांदोलन पूर्ण बघितलं, मग काही न बोलता स्टिक घेऊन बाहेर गेला. नऊ वाजत आले होते, उजेड होता. मी भांडी घासत होते आणि गॅरेजच्या दारावर चेंडू आपटत होता, धाड, धाड, आणि मधेच त्याचा आवाज, स्वतःच कॉमेंट्री करत होता. आई खिडकीपाशी जाऊन ऐकून आली. म्हणाली, त्याचं तिसरं ओव्हरटाइम चालू आहे, इतक्यात नको बोलावू.